नसण्याची मालकी

एकाच पत्त्याच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. पत्त्याचं नाव 'सिटी ऑफ ब्रास', पितळेचं शहर. चित्र मार्क टेडिन यांचं, दोन्हींवर तेच. नियमही तोच: हा पत्ता आडवा केला की हव्या त्या रंगाचा माना, म्हणजे खेळातली शक्ती, मिळते आणि तिच्या बदल्यात खेळणाऱ्यालाच एक घाव बसतो. चित्राच्या खाली, उजव्या अंगाला वाकड्या तलवारीचं बारीकसं चिन्ह आहे, तेही दोन्हींवर. ठळक फरक किनारीचा. एकाची किनार काळी आहे, दुसऱ्याची पांढरी. काळ्या किनारीचा पत्ता 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाच्या 'अरेबियन नाइट्स' नावाच्या संचात डिसेंबर १९९३ मध्ये आला, पांढऱ्या किनारीचा १९९५ च्या जुलैत 'क्रॉनिकल्स' या संचात. दोन्ही पालथे घालून पिसले तर कुठला कोणता हे त्यांच्या मालकालाही सांगता येणार नाही. तरी या दुसऱ्या पत्त्याच्या छपाईवरून अमेरिकेत इतकं रान उठलं की छापणाऱ्या कंपनीने काही महिन्यांतच एक वचन दिलं, आणि ते वचन आज तीस वर्षांनंतरही त्या खेळाच्या मानगुटीवर बसलेलं आहे. ज्याच्याकडे पहिला पत्ता होता, त्याचा दुसरा पत्ता छापला गेल्याने नेमका काय तोटा झाला? आणि तो तोटा पुन्हा होऊ देणार नाही असं वचन कुणी दिलं, तर ते कायमचं पाळायला तो बांधील असतो का? प्रश्न खेळण्यातल्या पत्त्यांचे दिसतात, पण ते मालकीचे आणि वचनाचे आहेत, आणि आपल्याकडे या दोन्हींवर पुष्कळ विचार झालेला आहे.

आधी हकीगत नीट पाहायला हवी, कारण पुढचा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे. हा खेळ रचला रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने. प्रकाशित केला वॉशिंग्टन राज्यातल्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या छोट्या कंपनीने. ऑगस्ट १९९३ मध्ये आलेल्या पहिल्या छपाईत सुमारे २६ लाख पत्ते होते, त्यात प्रत्येक दुर्मीळ पत्त्याच्या प्रती जेमतेम अकराशे. ते हातोहात संपले. ऑक्टोबरमध्ये दुसरी छपाई आली, तीही संपली. डिसेंबरमध्ये तेच पत्ते पांढऱ्या किनारीचे करून छापले, आणि तिथून एक संकेत रुजला: काळी किनार पहिल्या छपाईची, पांढरी किनार पुनर्मुद्रणाची. गारफील्ड यांची मूळ कल्पना अशी होती की माणूस थोडीफार पाकिटं विकत घेईल, जेवढे पैसे एखाद्या पटावरच्या खेळाला घालतो तेवढेच घालेल, आणि एखादा दुर्मीळ पत्ता अख्ख्या मित्रमंडळात एकाकडेच निघेल. समोरचा काय टाकील याचा अंदाज येऊ नये, जगात आपण न पाहिलेलं अजून काही आहे ही हुरहूर राहावी, यासाठी ती दुर्मिळाई होती. हा मुद्दा सहसा विसरला जातो. दुर्मीळपणा जन्माला आला तो खेळाची एक चाल म्हणून. त्याला बाजारभाव चिकटला तो मागाहून, लोकांनी गारफील्ड यांच्या अंदाजाच्या कितीतरी पट पाकिटं फोडल्यावर.

'अरेबियन नाइट्स' हा या खेळाचा पहिला विस्तार-संच. ७८ वेगवेगळे पत्ते, आठ-आठची पाकिटं, एकूण छपाई सुमारे ५० लाख. या संचाच्या वेळी एक निर्णय झाला, आणि माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय तोच. नव्या संचाच्या पत्त्यांची पाठ निराळ्या रंगाची ठेवायचं आधी ठरलं होतं. तसं झालं असतं तर नवे पत्ते जुन्यांत मिसळता आले नसते, कारण पाठ पाहूनच ओळखू आले असते. प्रत्येक संच आपापला वेगळा खेळ होऊन बसला असता. खेळणाऱ्यांची नाराजी लक्षात आल्यावर ऐनवेळी बेत बदलला आणि पाठ सगळीकडे एकच ठेवली. आजही ती तीच आहे. पहिल्या छपाईच्या वेळी पाठीवरच्या 'डेकमास्टर' या शब्दावर शाईची एक बारीक रेघ चुकून राहून गेली होती. तीसुद्धा गेली तीस वर्षं जशीच्या तशी छापली जाते, कारण ती पुसली तर नवा पत्ता जुन्यापासून वेगळा ओळखता येईल. एका चुकलेल्या रेघेला इतकं जपण्यामागे एक करार आहे: खेळायला बसल्यावर १९९३ चा पत्ता आणि कालचा पत्ता एकाच कॅटमधले, एकाच पंक्तीला बसणारे.

१९९४ मध्ये 'अँटिक्विटीज', 'लेजेंड्स', 'द डार्क' हे संच आले आणि दुकानांतून नाहीसे होत गेले. खेळणारे वाढत होते, छपाई मागे पडत होती. जो १९९५ मध्ये खेळायला लागला त्याला दोन वर्षांपूर्वीचे पत्ते फक्त दुसऱ्या हातून, चढ्या भावाने मिळत. 'क्रॉनिकल्स' हे यावरचं उत्तर होतं. 'अरेबियन नाइट्स' आणि हे तीन अशा चार संचांतून निवडलेल्या पत्त्यांचा १२५ छपायांचा हा संच, बारा-बाराची पाकिटं, पांढरी किनार, पण प्रत्येक पत्त्यावर त्याच्या मूळ संचाचं चिन्ह कायम. कंपनीने काही लपवलं नव्हतं, जुन्या पत्त्याची नक्कल जुना म्हणून खपवली नव्हती. छपाई मात्र सढळ हाताने केली, आणि जुन्या पत्त्यांचे भाव कोसळले. 'सिटी ऑफ ब्रास', 'अर्नाम जिन' हे पत्ते ज्यांनी भारी किंमत मोजून जमवले होते त्या संग्राहकांना आणि ज्यांच्या काचेच्या कपाटात ते पडून होते त्या दुकानदारांना आपली फसवणूक झाली असं वाटलं. मार्च १९९६ मध्ये कंपनीने 'रिझर्व्ह्ड लिस्ट' जाहीर केली. या राखीव यादीतले पत्ते पुन्हा कधीही छापले जाणार नाहीत. आज यादीत पाचशेहून अधिक पत्ते आहेत. १९९९ च्या 'उर्झाज डेस्टिनी'नंतरच्या कुठल्याही संचातला पत्ता तिच्यात घातलेला नाही.

'क्रॉनिकल्स' आल्यावर संग्राहकाकडून काय गेलं? पत्ता गेला नाही. तो होता तिथेच, प्लास्टिकच्या खोळीत. त्याची काळी किनार गेली नाही, त्याचं १९९३ साल गेलं नाही. खेळातली त्याची ताकदही तसूभर घटली नाही. गेला तो भाव. पण भाव हा काही पत्त्याच्या अंगचा गुण नव्हे. तो कशामुळे होता आणि कशामुळे उतरला, हे पाहायला आपल्या दर्शनांतला एक जुना वाद उपयोगी पडतो. 'गाय' या शब्दाने नेमकं काय कळतं, समोर उभी असलेली ही एक गाय की सगळ्या गायींत असलेलं गोत्व? मीमांसकांनी जातीच्या बाजूने कौल दिला. गौतमाच्या न्यायसूत्रांत व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींना शब्दाच्या अर्थात जागा मिळाली. पत्त्याला हे फार चपखल लागू पडतं. 'सिटी ऑफ ब्रास' म्हणजे एक जाती आहे, तिचं नाव आणि तिचे नियम मिळून झालेली. आणि माझ्या हातातला, एक कोपरा किंचित दुमडलेला, १९९३ साली छापलेला तुकडा ही एक व्यक्ती. खेळाडूला जाती हवी असते. कॅटमध्ये पत्ता घालताना तो तिसऱ्या छपाईचा आहे की तेराव्या, याने डावात काही बिघडत नाही. संग्राहकाला व्यक्ती हवी असते. हाच, इतका जुना, याच छपाईचा तुकडा त्याला हवा असतो. या दोन ओढी वेगळ्या आहेत, आणि 'क्रॉनिकल्स'च्या आधी बाजारात त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. जाती मिळवायची तर व्यक्ती विकत घेण्यावाचून खेळाडूला मार्गच नव्हता. म्हणून त्या भावात दोन हिस्से होते: एक संग्राहकाच्या आवडीचा, दुसरा खेळाडूच्या अडलेपणाचा. 'क्रॉनिकल्स'ने पुसला तो दुसरा हिस्सा.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटत असेल तर पुढे काय झालं ते पाहा. 'सिटी ऑफ ब्रास' राखीव यादीत नाही. 'क्रॉनिकल्स'नंतर तो पत्ता मूळ खेळाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या आवृत्तीत आला आणि पुढेही छापला गेला. तरीही 'अरेबियन नाइट्स'मधली काळ्या किनारीची प्रत आज 'क्रॉनिकल्स'च्या प्रतीपेक्षा अनेक पटींनी महाग आहे. 'शिवन ड्रॅगन'चं तर किती वेळा पुनर्मुद्रण झालं, आणि पहिल्या छपाईतला 'शिवन ड्रॅगन' आजही हजारो डॉलरना जातो. पुस्तकांच्या बाबतीत हे आपण जाणतोच. नवी आवृत्ती निघाली म्हणून पहिल्या आवृत्तीची प्रत कुणी रद्दीत घालत नाही. उलट पुस्तक वाचलं जात राहतं म्हणून पहिली आवृत्ती शोधणारे उरतात. व्यक्तीचं मोल व्यक्तीच राखते. तिच्यासाठी जातीला कोंडून घालावं लागत नाही. राखीव यादीने मात्र नेमकं तेच केलं आहे, आणि हे यादीच्या नियमांतूनच दिसतं. तेच चित्र किंवा तीच किनार परत छापणार नाही, एवढंच वचन असतं तर गोष्ट वेगळी होती. कंपनीने बंदी घातली ती खेळात हुबेहूब तसंच वागणाऱ्या पत्त्यावर: तोच प्रकार, तेवढाच खर्च, तेच गुण असलेला पत्ता नाव बदलूनही छापायचा नाही. म्हणजे वचनाने बांधून घातली आहे जातीच. संग्राहकाच्या नावाने दिलेलं वचन त्याच्या गरजेच्या वस्तूला हातही लावत नाही आणि खेळाडूला हवी असलेली वस्तू तेवढी अडवून ठेवतं.

अशा वचनाने नक्की काय दिलं जातं? फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ च्या 'सोशल लिमिट्स टू ग्रोथ' या पुस्तकात अशा वस्तूंचा विचार केला, ज्यांचं मोल इतरांकडे त्या नसण्यावर अवलंबून असतं. गावातली सगळ्यात उंच माडी एकाचीच असू शकते. पण माडीची उंची निदान जागेने ठरते, कुणीतरी इतरांना माडी बांधू नका म्हणून शपथ घालावी लागत नाही. छापील पत्त्याचं तसं नाही. कागद आहे, शाई आहे, छापखाना आहे, हवा असणारा माणूस आहे, आणि छापणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. इथली टंचाई निसर्गाने केलेली नाही, ती दरवर्षी, दर छपाईला नव्याने पाळावी लागते. अशा वेळी संग्राहकाच्या हाती पत्त्याबरोबर आणखी एक वस्तू दिली जाते: दुसऱ्यांचं नसणं. माझं म्हणणं असं की दुसऱ्याचं नसणं ही मालकीची वस्तू होऊच शकत नाही. माझ्याजवळ जे आहे ते माझं. तुझ्याजवळ जे नाही तेही माझं, असं म्हणायला कुठला आधार आहे? फार तर मी म्हणू शकतो की तुझं नसणं मला फायद्याचं पडतं. पण फायद्याचं पडणं वेगळं आणि हक्काचं असणं वेगळं. पावसाने ओढ दिली की धान्याची कोठारं भरून बसलेल्याला फायदा होतो. म्हणून पाऊस न पडण्यावर त्याचा हक्क बसत नाही.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा: हक्क आधी नसेल, पण वचनाने तो निर्माण झाला. छापायचं की नाही हा कंपनीचा अधिकार होता, तिने तो स्वतःहून बांधून घेतला, आणि शब्द तो शब्द. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. ज्या समाजात शब्दाला किंमत नाही तिथे कुणीच कुणावर विसंबून उद्याचं काही ठरवू शकत नाही. आणि १९९६ साली ते वचन देणं चूक होतं असंही मी म्हणत नाही. कोवळी कंपनी होती, दुकानदारांचे पैसे अडकले होते, लोकांचा भरवसा उडाला होता. झालं त्याचं परिमार्जन करायला काहीतरी द्यायलाच हवं होतं. पण वचन पाळणं हा धर्म आहे असं म्हणताना, वचन म्हणजे नेमकं कोणतं नातं, हे आपल्या परंपरेने सोडून दिलेलं नाही. भीष्मांची प्रतिज्ञा घ्या. ती दाशराजाला दिली होती, सत्यवतीच्या मुलांच्या हितासाठी. पुढे चित्रांगद गेला, विचित्रवीर्य निपुत्रिक गेला. ज्यांच्यासाठी प्रतिज्ञा केली ते उरले नाहीत, आणि जिच्यासाठी केली ती सत्यवती स्वतः समोर उभी राहून म्हणाली की आता हे बंधन सोड, कुळ राख. भीष्मांनी नाही म्हटलं. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये या प्रतिज्ञेची जी कठोर तपासणी केली ती वाचल्यावर भीष्मांच्या नुसत्या थोरपणाने आपलं समाधान होत नाही. वचन दोघांतलं असतं. ज्याला दिलं तो ते सोडू शकतो, आणि त्याने सोडल्यावरही जो धरून बसतो तो आपल्या शब्दाचा नव्हे, शब्द पाळणारा म्हणून असलेल्या आपल्या कीर्तीचा सांभाळ करत असतो.

आता हे राखीव यादीला लावून बघा. वचन कुणाला दिलं? १९९५ च्या उन्हाळ्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांना. त्यांपैकी पुष्कळांनी आपले पत्ते केव्हाच विकले. पत्ते हातोहात फिरले, आणि पत्त्याबरोबर वचनही फिरलं असं आज मानलं जातं. शेताबरोबर वहिवाटीची वाट नव्या मालकाकडे जाते, तसंच काहीसं. पण वहिवाटीला दोन शेतं असतात, दोन मालक असतात, वाद मिटवायला दोघांना समोरासमोर बसता येतं. इथे वचन घेणारा असा कुणी एक नाहीच. तो जगभर पसरलेला, रोज बदलणारा, नाव नसलेला समूह आहे. त्यातल्या कुणालाही 'आम्ही सोडलं' असं सगळ्यांच्या वतीने म्हणता येत नाही. सत्यवतीला निदान बोलता आलं. ज्या वचनातून मोकळं करायला जगात कुणीच उभं राहू शकत नाही, ते वचन नात्यातून सुटून नुसता दगड होतं. शब्दाला शब्दपण येतं ते देणाऱ्या-घेणाऱ्यांमुळे. तेच उरले नाहीत तर मागे राहतं ते धोरण, आणि धोरण बरं की वाईट हे त्याच्या परिणामांवरून ठरवायला काहीच हरकत नसावी.

शिवाय खुद्द कंपनीनेही हे वचन अक्षय मानलेलं नाही. २००२ मध्ये पहिल्या छपाईतले साधे आणि मध्यम दुर्मीळ पत्ते यादीतून काढले गेले. त्यातला 'बर्सर्क' पुढे पुन्हा छापला गेला, तरी पहिल्या छपाईतला 'बर्सर्क' आजही हजारो डॉलरना जातो. आभाळ कोसळलं नाही. मग चकचकीत मुलाम्याच्या पत्त्यांना बंदी लागू नाही, ही पळवाट निघाली, आणि तिच्यातून राखीव यादीतले काही पत्ते छापलेही गेले. २०१० मध्ये ती पळवाट बुजवली. पुढे २०२२ मध्ये खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त १९९३ च्या संचातले पत्ते, त्यात या खेळातला सगळ्यात गाजलेला 'ब्लॅक लोटस'सुद्धा, नव्याने छापून विकले गेले: पंधरा-पंधरा पत्त्यांची चार पाकिटं, किंमत ९९९ डॉलर, आत काय निघेल ते नशिबावर. वचन मोडलं नाही असं म्हणता यावं म्हणून या पत्त्यांची पाठ निराळी केली, आणि त्यामुळे ते अधिकृत स्पर्धांत चालत नाहीत. १९९३ मध्ये पाठ एकच ठेवली ती सगळ्यांना एका पंक्तीला बसता यावं म्हणून. २०२२ मध्ये पाठ बदलली ती बसता येऊ नये म्हणून. हे मला फार लागतं. त्या एका रेघेला इतकी वर्षं जपणाऱ्यांनीच तो करार दुसऱ्या हाताने मोडला.

वचनाचं अक्षर राखून मार्ग काढणं आपल्याला परकं नाही. गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला मारीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. कर्णपर्वात जखमी, संतापलेला युधिष्ठिर नेमकं तेच बोलून जातो आणि अर्जुन तलवारीला हात घालतो. कृष्ण त्याला अडवतो आणि कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्य बोलायचं व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने, लपलेली माणसं कुठे आहेत ते दरोडेखोरांना खरंखरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मग कृष्ण तोड सुचवतो: वडीलधाऱ्याला 'तू' म्हणणं हे त्याला मारण्यासारखंच, तेवढं कर, प्रतिज्ञा पुरी झाली. इथे अक्षर राखलं ते जीव वाचवण्यासाठी. वचनाचा हेतू आणि समोरच्या माणसाचं हित एकमेकांशी जुळेना तेव्हा कृष्णाने हिताच्या बाजूने अक्षर वाकवलं. तिसाव्या वर्षाच्या त्या पाकिटांत अक्षर वाकवलं ते उलट्या दिशेने: संग्राहकाला दुखावणार नाही, खेळाडूला मिळणार नाही, आणि मधल्या फटीतून विक्री होईल. पळवाट काढायचीच असेल तर ती कुणासाठी काढली हे विचारायला हवं. धर्म त्या उत्तरात असतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आणि अधिक माणुसकीचा आहे. लोकांनी या वचनावर भिस्त ठेवून पैसे घातले. पहिल्या छपाईतला एक 'ब्लॅक लोटस' जानेवारी २०२१ मध्ये ५,११,१०० डॉलरना विकला गेला; पण असे धनिक सोडा, एखाद्याने वीस वर्षं जपलेल्या चार पत्त्यांवर मुलांच्या शिक्षणाचा हिशोब मांडला असेल तर? ही भिस्त खरी आहे आणि तिची कदर केली पाहिजे, हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण भिस्तीची कदर म्हणजे ती अनंतकाळ फळत ठेवणं नव्हे. वचन कायमचं असतं तर ते देण्याची कंपनीचीच पात्रता नव्हती. अमेरिकेच्या कायद्यात कंपनीच्या नावे असलेल्या निर्मितीचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षांनी संपतो. १९९३ ची अशी निर्मिती २०८९ च्या पहिल्या दिवशी सगळ्यांची होईल. लेखकाला, कलावंताला, प्रकाशकाला समाज जी मक्तेदारी देतो तीसुद्धा मुदतीची असते, आणि मुदत असते म्हणूनच ती सोसता येते. मग त्या निर्मात्याने तिसऱ्याला दिलेली टंचाईची हमी बेमुदत कशी असेल? भिस्तीला न्याय द्यायचा तर पाच-दहा वर्षं आधी जाहीर करा, छपाई हळूहळू करा, नव्या प्रतीवर नवेपणाची खूण ठसठशीत ठेवा, काळी किनार आणि जुनं चित्र जुन्यांसाठीच राखा. 'क्रॉनिकल्स'ची चूक पुनर्मुद्रणात नव्हती. चूक होती एकदम आणि सढळ छापण्यात, ज्यामुळे काल घेतलेल्याला सावरायला वेळ मिळाला नाही. वेळ देणं हा भिस्तीचा हक्क आहे, भाव राखून देणं हा नाही.

आणि मग तिसरा आक्षेप, जो खेळाबाहेरचे लोक पटकन घेतात: अहो, शेवटी पत्तेच ते. ना अन्न, ना औषध. कुणाला मिळाले नाहीत म्हणून काय बिघडलं? यावर मला उलट विचारावंसं वाटतं की मग कुणाचा भाव उतरला म्हणूनही काय बिघडलं? दोन्हींना एकच माप लावायला हवं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा खेळ एक भाषा आहे. पत्ते हे तिचे शब्द, नियम हे तिचं व्याकरण. एक वाक्य एकाने टाकायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. राखीव यादीत दोन रंगांचा माना देणाऱ्या दहा जमिनी आहेत, 'अंडरग्राउंड सी', 'व्होल्कॅनिक आयलंड' वगैरे. १९९४ च्या आवृत्तीनंतर त्या खेळता येतील अशा कागदी रूपात छापलेल्या नाहीत. जुन्या पत्त्यांनी खेळायचा 'लेगसी' हा प्रकार या जमिनींवर चालतो, कारण त्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात लागणाऱ्या शब्दांसारख्या आहेत. एकेका जमिनीला शेकडो डॉलर पडत असतील, तर बुद्धी असून, सराव असून, वेळ असून नवा माणूस त्या टेबलाशी बसू शकत नाही. अधिकृत स्पर्धेत खरा पत्ताच लागतो. म्हणून लोक घरगुती किंवा अनधिकृत सामन्यांत कागदावर नाव लिहून, झेरॉक्स काढून खोळीत घालतात आणि खेळतात. या झेरॉक्सकडे मी चोरी म्हणून पाहू शकत नाही. जातीला व्यक्तीच्या कोठडीतून सोडवण्याची ती साधी, हातची धडपड आहे. तिच्यामुळे कुणाच्याही काळ्या किनारीच्या पत्त्याचं काही कमी होत नाही.

कंपनीलाही हे कळतं, याचा पुरावा संगणकावर आहे. 'मॅजिक ऑनलाइन' या तिच्याच खेळाच्या डिजिटल रूपाला राखीव यादीचं बंधन नाही. जून २०१४ मध्ये 'व्हिंटेज मास्टर्स' हा संच तिथे आला आणि 'ब्लॅक लोटस'सकट सुरुवातीच्या काळातले नऊ गाजलेले पत्ते त्यात होते. पडद्यावर ज्याला परवडेल तो 'ब्लॅक लोटस' खेळतो, डाव रंगतात, आणि त्याने काचेआडच्या कागदी 'ब्लॅक लोटस'चं मोल उतरलं नाही. 'लोटस'ची ती पाच लाखांवरची विक्री त्यानंतर साडेसहा वर्षांनी झाली. जाती सुटली, व्यक्ती शाबूत राहिली. जे पडद्यावर झालं ते कागदावर का होऊ नये, याला १९९६ सालचा शब्द सोडून दुसरं कारण मला दिसत नाही. आणि तो शब्द ज्यांना दिला होता, त्यांच्यातले जे आजही खेळतात, त्यांनाही समोर बसायला कुणीतरी हवंच असतं. एकट्याने ठेवलेल्या कॅटला डाव नसतो. 'सिटी ऑफ ब्रास'मधून माना काढला तरी तो कुणावर खर्च करायचा?